कंबरेचं हाड, हिरडीतला सुळा

लहान मुलाच्या कंबरेतून हाड काढायचं आणि ते त्याच्याच हिरडीत भरायचं, हे माझं काम. लग्नकार्यात कुणी "आपण काय करता?" असं विचारलं आणि मी हे असं सरळ सांगून टाकलं, की समोरच्याचा जिलेबीकडे गेलेला हात थांबतो. म्हणून मी हल्ली "दाताजबड्यांचा डॉक्टर" एवढंच सांगतो. मग तो लगेच तोंड उघडून स्वतःची दाढ दाखवतो.

या अंकाच्या संपादकांनी "कामाविषयी लिहा, पण भाषण नको" असं बजावलं आहे. थोडं भाषण होईल. या कामापायी गेल्या वर्षी माझं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटवायची माझी इच्छा नाही.

आधी काम समजून घ्या. काही मुलं दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्माला येतात. ओठ काही महिन्यांत शिवतात, टाळू वर्षा-दीड वर्षाच्या आसपास. फोटो काढले जातात, आईबाप पेढे वाटतात, शिबिराचा फलक खाली उतरतो. पण वरच्या हिरडीच्या हाडात एक फट उरलेली असते. ओठाआड असल्यामुळे ती दिसत नाही. चहा प्यायला की तो तिच्यातून नाकात चढतो. नाकपुडीला खालून आधार नसतो म्हणून ती बसते. आणि मुख्य म्हणजे, त्या जागी उतरणारा सुळा खाली यायला बघतो तर त्याला वाट नसते. दात हाडातून उतरतो. हाडच नाही, तर तो येणार कशातून?

म्हणून आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा उतरायच्या आधी, ती फट हाडानं भरावी लागते. वेळ गेली तर नंतरही करता येतं, पण मग सुळ्याला वाट करून देण्याचा मोठा फायदा हातचा जातो. तरुणपणी मी शिबिरांमधून कितीतरी ओठ शिवले आणि पुढे हाडासाठी किती मुलं परत आली याची चौकशीसुद्धा केली नाही. मला अपराधी वाटून घ्यायची खोड आहे. बायको म्हणते, "दूध उतू गेलं तरी तुम्ही आधी स्वतःलाच दोष देता." पण ही मुलं दूध नव्हेत. त्यांच्याबाबतीत दोष माझाच आहे.

आता, हाड आणायचं कुठून? आमच्या धंद्यात यावरून वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. बरगडीचं, नडगीचं, कवटीचंसुद्धा घेतात. हनुवटीचं मी घ्यायचो. हनुवटी तोंडातच असते, बाहेर व्रण दिसत नाही. भोरमधल्या एका शिक्षिकेच्या मुलाचं मी असंच केलं. वरची फट छान भरली. पण पुढे कधीही भेटला की तो खालच्या दातांवर नख वाजवून म्हणायचा, "सर, हे दात मला भाड्यानं दिल्यासारखे वाटतात." तिथली संवेदना पुरती परत आली नाही. शिवाय हनुवटीत हाड थोडं, आणि लहान मुलात आसपास न उगवलेले दात दडलेले. मी ते सोडलं.

मग डब्यातलं तयार हाड. बारीक दाणेदार पूड. मुलाला दुसरीकडे कुठे कापायला नको, चालताना दुखणं नको, दुसऱ्या दिवशी घरी. मीही भुललो. सारोळ्याला हमरस्त्यावर हॉटेल चालवणारे मुलाणीभाई आहेत, त्यांच्या मुलाला मी ते भरलं. काही आठवड्यांनी सकाळीच त्यांचा फोन.

"डॉक्टर, पोराच्या तोंडातून रवा गळतोय."

"रवा?"

"मी हॉटेलवाला माणूस, रवा मला कळतो. बारीक रवा. शिरा करायला थोडाच कमी पडेल."

टाका सुटून पूड बाहेर येत होती. मुलाणीभाईंनी त्यावर एक शब्द कडू काढला नाही, उलट गेलो तेव्हा शिरा खायला घातला. तो मी शिक्षा म्हणून बशीभर संपवला. दुसऱ्यांदा त्या मुलाला कंबरेचं हाड भरलं, तेव्हा ते धरलं.

डब्यातलं हाड टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. फट लहान असेल, त्यात मुलाचं स्वतःचं थोडं हाड मिसळलं, तर ते चालतं. ते वापरून चांगलं काम करणारे लोक मला माहीत आहेत. पण ज्या हिरडीतून अजून दात उतरायचा आहे तिथे मला जिवंत हाड हवं. ते कंबरेच्या कडेच्या आत असतं. जाळीदार, ओलं, लालसर, गुळाच्या ओलसर चुऱ्यासारखं. ते तिथे रुजतं आणि दात येऊ लागला की त्याला वाट देतं.

त्याची किंमत मुलाची कंबर मोजते. मी वर्षानुवर्षं कंबरेवर बोटभर छेद घ्यायचो, हाडाची कड उघडून आतला गर खरवडून काढायचो आणि झाकण परत बसवायचो. त्यासाठी स्नायू बाजूला सारावे लागतात आणि तेच दुखतात. पुण्याच्या मुलाला त्याचं फारसं काही नसतं, लिफ्टनं वर गेला की झालं. वेल्ह्याच्या मुलाला एसटीतून उतरल्यावर डोंगर असतो.

पुढे आमच्याकडे एक तरुण डॉक्टरीण आली, माझ्या मुलीएवढी. ती म्हणाली, "सर, कुलपाच्या भोकातून काम होत असताना तुम्ही दार कशाला मोडता?" गोल पात्याची बारीक नळी, नखाएवढा छेद. नळी फिरवत आत घालायची की खडूच्या तुकड्यांसारखं हाड तिच्यात भरून येतं. स्नायू जागच्या जागी. हाड जरा कमी मिळतं, आणि आत दिसत नसल्यामुळे हाताच्या अंदाजानं काम करावं लागतं. पन्नाशी ओलांडल्यावर मी तिच्या हाताखाली शिकलो. पहिल्या दिवशी तिनं मला दोनदा थांबवलं.

एवढी शिदोरी घेऊन मी तेजूकडे येतो.

भोरला एसटी स्टँडजवळ एका खोलीत मी आठवड्यातून एकदा मुलं तपासतो. तिथे दहा वर्षांची तेजू आली, आई सुरेखाबाईंबरोबर. वाडी वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. वाडीचं नाव देत नाही. घरं इतकी थोडी की नाव दिलं तर माणसं कळतील. तेजूचा ओठ बाळपणी शिबिरात शिवला होता. एक्स-रेमध्ये सुळा फटीच्या काठावर येऊन उभा होता. फार तर दोन-तीन महिने हाताशी होते.

मी कंबर म्हटल्याबरोबर सुरेखाबाई उठल्या.

"कंबरंला हात लावायचा न्हाई."

"अहो, बसा तरी."

"बसून काय व्हनार? आमच्या वरच्या आळीची वैशी तुमीच केली ना? किती महिनं लंगडत व्हती. शाळा बुडली तिची. आमची पोर डोंगरावर ऱ्हाती, डाक्टर. तिला पाय पायजेत."

वैशी म्हणजे वैष्णवी. तीन वर्षांपूर्वी मी तिची शस्त्रक्रिया केली होती, जुन्या पद्धतीनं. मी मान खाली घालून एक्स-रे पाकिटात घातला. ते बघून सुरेखाबाईच जरा नरमल्या.

"माझं घ्या की हाड. कंबर चांगली दणकट हाय."

"तुमचं चालणार नाही, बाई."

"का? रगत चालतंय. किडनी चालतीया आईची. मंग हाडानंच काय घोडं मारलं?"

मी सांगितलं की परक्या शरीरातलं हाड तिथे जिवंत राहणार नाही. आईचं असलं तरी शरीराला ते परकंच. तेजू इतका वेळ पंखा बघत होती. ती म्हणाली, "तुझं नगं आई. तुझ्या हाडाचा दात माझ्यावरच वरडंल."

सुरेखाबाईंना हसू आवरलं नाही, पण निर्णय बदलला नाही. "डब्यातलं असतंय म्हनं. त्ये घाला." आणि त्या मुलीला घेऊन निघून गेल्या.

डब्यातल्या हाडाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, कारण त्याच सुमारास शिबिरं भरवणाऱ्या आमच्या संस्थेनं भोरला मोठं शिबिर ठरवलं होतं. हिरडीच्या सगळ्या शस्त्रक्रिया तयार हाड वापरून, दुसऱ्या दिवशी घरी. ठरवणारे आमचे मोठे सर. माझे गुरू, सुई धरायला त्यांनी मला शिकवलं. बैठकीत त्यांनी सगळ्या पद्धतींची तुलना मांडली. कंबरेच्या रकान्यात एक उदाहरण होतं: डोंगराळ भागातली मुलगी, दीर्घकाळ लंगडणं. ती वैष्णवी होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुझं हे कंबरेचं प्रेम सोड आता," सर हसत म्हणाले. "पोरं चालायला हवीत की नकोत?"

ज्या मुलीमुळे मला झोप लागत नव्हती, तिच्याच आधारे ते माझ्याशी वाद घालत होते.

रविवारी मी वाडीवर गेलो. भाटघर धरणाच्या पाण्याकडेनं गाडी जाईल तिथवर गेली, पुढे पायी. लावणीचे दिवस. खाचरांत बायका वाकलेल्या, पुरुष चिखलणीच्या औतामागं. सुरेखाबाई पिंढरीएवढ्या चिखलातून ओरडल्या, "डाक्टर, दात काडायला हितपोत आलाव व्हय?" खाचरभर हशा पिकला.

मी म्हटलं, आधी मला वैष्णवी बघायची आहे. सुरेखाबाई चिखलाच्या पायांनीच मला वर घेऊन गेल्या.

वैष्णवी दारातच उभी होती. तेरा वर्षांची, उंच. कडेवर चुलत्याचं गुटगुटीत पोर. मी ओळख सांगितली.

"तुमीच का ते?" ती म्हणाली आणि न सांगता ओठ वर करून दाखवला. सुळा सुरेख ओळीत आला होता. मग म्हणाली, "आता लंगडत न्हाई. पन पोरं अजून लंगडी वैशीच म्हनत्यात."

तेवढ्यात कडेवरचं पोर चुळबुळलं आणि तिनं कंबर उडवून त्याला पुन्हा नीट बसवलं. डाव्या कडेवर. माझी नजर तिथेच अडकली. तो गुटगुटीत ऐवज बरोबर त्याच हाडावर बसला होता, जे मी उघडलं होतं.

"वैष्णवी, ऑपरेशननंतर घरी आलीस तेव्हाही घरात लहान मूल होतं?"

उत्तर तिच्या चुलतीनं दिलं. "व्हतं की. थोरला, त्यो काय तिथं कोंबडीमागं पळतोय. तिच्याच अंगाखांद्यावर वाडला."

"पण मी सांगितलं होतं, जड उचलायचं नाही."

चुलती दुखावली. "मंग? हंडा उचलू दिला न्हाई तिला. मोळी न्हाई. जात्याचा खुटा धरू दिला न्हाई. तुमी म्हनला त्ये सगळं पाळलं."

"आणि बाळ?"

चुलती माझ्याकडे बघतच राहिली. "बाळाला काय वजन म्हनत्यात व्हय, डाक्टर?"

ते खरंच होतं. या डोंगरात वजन म्हणजे पाणी, लाकूड, पोतं. लेकरू हे वजन नाही. उचलल्याचा कंटाळा आला असं कुणी बोललं तर त्या मुलाची दृष्ट काढतील. आणि मी भोरचा. धाकट्या बहिणीला डाव्या कडेवर घेऊन गल्लीभर फिरलेला. मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी रुग्णालयात उभा राहून "जड उचलू नका" असं म्हणालो आणि मला वाटलं, मी सगळं सांगितलं. जुन्या पद्धतीनं तिची कंबर दुखली असतीच, पण थोडे दिवस. दुखरं हाड बरं व्हायला बघत होतं आणि दिवसभर त्यावर एक बाळ बसत होतं.

मी तिथेच वैष्णवीला म्हटलं, "चूक माझी झाली."

ती म्हणाली, "मंग तेजूला नीट सांगा."

सुरेखाबाई सगळं ऐकत होत्या. त्यांच्या घरीही अकरा महिन्यांचं बाळ होतं आणि लावणीच्या दिवसांत ते तेजूच्याच कडेवर असायचं. मी नळीची पद्धत सांगितली, छेद नखाएवढा आहे ते दाखवलं, आणि अट घातली: सहा आठवडे बाळ तेजूच्या कडेवर नको. कुठल्याच कडेवर नको.

"आन मंग घ्यायचं कुनी? मी खाचरात."

तेजूचे वडील, गणपतराव, औत सोडून येऊन मागे उभे होते. त्या दिवसभरात एकदाच बोलले. "म्या घेतो."

पुढच्या बैठकीत मी सरांना सगळं सांगितलं.

सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे पद्धत निर्दोष, आणि दोष त्या बाळाचा?"

"बाळाचा नाही, सर. दोष माझा आहे. तुम्ही तो कंबरेच्या रकान्यात घातलात. माझ्या नावापुढे घाला, आणि कंबर मोकळी करा."

"शिबिरात चाळीस पोरं येणार. चाळिसांच्या घरची बाळं तू मोजणार आहेस का?"

"हो. मोजणार. आणि ज्यांचा सुळा यायचा आहे त्यांना डबा भरणार नाही."

"मग शिबिरात तुझं काम नाही."

"नाही तर नाही."

ज्या माणसानं मला घडवलं त्याला मी उलटून बोललो होतो, आणि मला त्याचं अपराधीपण वाटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. सर वाईट नाहीत. ते मुलांची संख्या बघतात, कारण कुणीतरी ती बघावी लागते. शिबिर झालं. काही मुलांचं हाड धरलं, काहींचं नाही धरलं. माझ्याशिवाय जग थांबलं नाही, हेही लिहायला हवं.

तेजूची शस्त्रक्रिया मी ज्या दुसऱ्या रुग्णालयात काम करतो तिथे केली. नळी तरुण डॉक्टरणीच्या हातात दिली आणि मी हिरडी उघडून वाट बघत बसलो. उजवी कंबर घेतली, कारण तेजूची सवयीची कड डावी; कधी विसरून बाळ उचललंच तर ते त्या बाजूला जाईल. या आधी मी बाजू ठरवायचो ती टेबलापाशी कुणाला कुठे उभं राहणं सोयीचं ते बघून. फट ठासून भरली, वरून हिरडी ओढून शिवली. दुसऱ्या दिवशी तेजू कठडा धरून दवाखान्याचा जिना चढली आणि वरून विचारलं, "एवढंच?"

पण खरी शस्त्रक्रिया वाडीत झाली, आणि ती गणपतरावांनी केली. आमच्याकडे पुरुष मूल खांद्यावर घेतो, जत्रेत. कडेवर घेणं बाईचं काम. लावणीच्या ऐन घाईत हा माणूस बाळ कडेवर घेऊन बांधावर उभा राहायचा आणि एका हातानं रोपाच्या मुठी फेकायचा. खाचरातून एकेक बाण सुटायचा.

"गनपा, पान्हा फुटला का रं?"

"आता बारशाला लुगडं तुलाच घेतो, बघ!"

"सुरेखाताई, घरधनी लई मऊ झालं तुमचं!"

हे सगळं मला सुरेखाबाईंनी तपासणीला आल्यावर सांगितलं, तोंडाला पदर लावून. मी गणपतरावांना विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

ते म्हणाले, "म्हनलं, ज्याला जड वाटंल त्यानं पुढं येऊन धरावं. कुनी आलं न्हाई."

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंचं हाड एकमेकांना भेटलं होतं. सुळा त्यात शिरला होता, पण शिरला म्हणजे उतरलाच असं नसतं. कधी तो आत अडकून बसतो, मग खेचून आणावा लागतो. कधी मुलाला आयुष्यभर ती जागा मोकळीच मिळते. मी दर महिन्याला बघायचो आणि दर महिन्याला हिरडी सपाट. सर एकदा एका समारंभात भेटले. म्हणाले, "तुझ्या पोरीचा दात?" मी म्हटलं, "वाट बघतोय." ते नुसते हसले. त्या हसण्यावर मी घरी येऊन बराच वेळ चिडत बसलो.

यंदा पावसाळा सरता सरता तेजू भोरच्या खोलीत आली. आता ती अकराची. खुर्चीत बसून तोंड मिटून घेतलं. उघडेना.

"काय गं? दुखतंय?"

मान हलवून नाही म्हणाली. सुरेखाबाई दाराकडे बघत होत्या, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी ओठ उचलला आणि भरलेल्या जागी बोटानं चाचपून बघायला लागलो. हिरडीपाशी बोटाला काहीतरी टोकदार लागलं. मी बोट तसंच आणखी आत नेलं, खात्री करून घ्यायला.

तेजूनं कचकन चावा घेतला.

मी ओरडलो. बाहेर बसलेली मुलं दारात जमा झाली.

"दुखलं?" तेजूनं विचारलं.

"दुखलं! चांगलंच दुखलं!"

"मंग आलाय," ती आईकडे वळून म्हणाली.